सबब

परभणीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
माझं टेबल. पानाला चाळीस रुपये,
दुरुस्ती फुकट.
प्रयागबाई आल्या तेव्हा दुपारचे दोन,
लिंबाची सावली टेबलावरून उतरून
पक्षकारांच्या बाकाकडं निघालेली.

पिशवीतून एकेक काढलं त्यांनी:
मेरूकॉइनची गुळगुळीत पानांची वही,
बक्षिसाच्या घड्याळाचा डबा, घड्याळ बंद,
काच तडकलेला फोन, त्यात सुग्रीव सर
मानवतच्या मंगल कार्यालयात, कोट घालून,
मागच्या पडद्यावर दुबईची इमारत.
"जिल्हा परिषदेचे मास्तर हायेत माय,
माझ्या लेकराला पाढे शिकवले त्यांनी.
दीड लाखाचे साडेचार होतेत म्हणले.
पाढ्यात कसे चुकतील?"

दिले कसे?
"नव्वद फोनवरून. साठ रोख."
रोखीची पावती?
त्यांनी लिंबाकडं बघितलं.

मग सांगत गेले, जसं रोज सांगते:
फोन बदलू नका. एकही मेसेज पुसू नका.
ठाण्यात घेतलं नाही तर एसपी ऑफिसला पोस्टानं,
पोचपावती जपून. तिथंही कागद झोपला
तर न्यायाधीशांपुढं, आत, त्या तिसऱ्या खोलीत.
ठेवीदारांसाठी वेगळा कायदा आहे,
त्यात सरांचं जिंतूर रोडचं नवं घर
बायकोच्या नावावर असलं तरी अडकू शकतं.
कंपनी कुठं आहे ते देवालाही ठाऊक नसेल,
पण ज्यानं स्टेजवरून सांगितलं तो इथंच आहे,
रोज सकाळी प्रार्थनेला उभा.

"चारशे वीस लावा त्याला."
चारशे वीस आता तीनशे अठरा झालंय, बाई.
शिवी तेवढी जुनी राहिली.

हसल्या. हसणं मध्येच मोडलं.
"ज्यानं सांगितलं त्याच्यावर केस होते म्हणता.
मग ताई, मी बी सांगितलंय. सात जणींला."
बोटांवर मोजू लागल्या:
जाऊ, आशाताई, बांगड्यावाली रमजानबी,
आणि अंगणवाडीतली मदतनीस लंका,
जिच्यासोबत एकाच पातेल्यात
रोज खिचडी हलवतात.
"तिनं कानातलं मोडलं वो."

मी काही बोलले नाही.
लंका मागच्या गुरुवारी याच बाकावर बसली होती.
दोन पानं, ऐंशी रुपये.
एकीचं दुसरीला सांगणं
या टेबलाच्या धर्मात बसत नाही.

नवी फाइल उघडली. फिर्यादीपुढं 'प्र' दाबलं
आणि कॉम्प्युटरनं उरलेलं नाव
आपणहून पुढं धरलं,
आडनावासकट, गावासकट.
गुरुवारी ते
आरोपी क्रमांक तीनच्या पुढं होतं.

स्क्रीन मी थोडी माझ्याकडं वळवली.

सबब,
हा शब्द दिवसातून वीसदा लिहिते मी.
इथं त्याचा अर्थ 'म्हणून'.
रस्त्याच्या पलीकडं त्याचा अर्थ बहाणा.
त्याच्यापाशीच थांबले. विचारलं,
बाई, सात जणींमागं तुम्हाला काय मिळालं?

बराच वेळ झेरॉक्सचं मशीनच बोलत होतं.

"चौदा हजार. आन् हे घड्याळ."
आहेत?
"घरावर पत्रे टाकले."

लिहू का?
वकील कदाचित नको म्हणतील, आधी त्यांना विचारा.
मी वकील नाही. पण इथं बसून एवढं बघितलंय:
दुसऱ्याच्या कागदातून निघण्यापेक्षा
आपल्या कागदात असलेलं बरं.

त्यांनी डबा उघडला,
बंद घड्याळ कानाला लावून ऐकलं,
परत ठेवलं.
"लिहा," म्हणाल्या.
"अन् पैसे निघालेच कधी
तर लंकाचे पयले द्या म्हणावं.
माझे राहू द्या मागं."

हे कोणत्या कलमात बसतं, मला माहीत नाही.
तरी टाइप केलं,
शेवटच्या ओळीत,
सबबच्या नंतर.